डाव्या बाजूचा आवाज

१७ नोव्हेंबर १९५८, चौल

पुन्हा तोच आवाज! खट्ट. पुढून, डाव्या बाजूने — पायाखाली कुणी हातोडी मारावी तसा. आक्षीच्या वळणाआधी एकदा, नागावच्या मोरीवर एकदा, आणि आमच्याच फाटकातल्या खड्ड्यात. इंजिन बंद करून तशीच बसून राहिले. गाडी गप्प. शेजारच्या वाडीत नारळ उतरवत होते, त्यांचाच काय तो धप्प धप्प.

गाडी आबांची, दवाखानाही आबांचाच. ते गेल्यावर दोन्ही माझ्याकडे आले आणि आजवर दोन्हींचं काही अडलं नाही. आता एकदम सगळंच अडायला लागलंय. अलिबागला तुळशीरामकडे न्यायला हवी.

१८ नोव्हेंबर

मनुबाईचा काही निरोप नाही. कसा असणार? तिला लिहिता येत नाही आणि तिच्या मुलाला, सदाला, फुरसत नसेल.

२१ नोव्हेंबर

तुळशीरामचं गॅरेज एस.टी. स्टँडच्या मागे. आबांच्या वेळेपासून गाडी त्याच्याच हातची. त्याने बॉनेट उघडलं, खाली शिरला, नट आवळले, ग्रीस भरलं. मग हात पुसत म्हणाला, "चला बाई, मला ऐकू तर दे म्हनावं तिला." माझ्या शेजारी बसला. वरसोलीपर्यंत गेलो आणि परत आलो. एकही खड्डा मी सोडला नाही, मुद्दाम घातली. आवाज नाही! एकदासुद्धा नाही!

"जुनी गाडी बाई. थोडी बोलनारच."

"बोलत नाही रे, ठोकते."

"आता तर न्हाय ठोकली."

आणि माझ्याकडे बघितलं. ती नजर माझ्या चांगली ओळखीची आहे. छातीत धडधडतं म्हणून बाई येते, नाडी बघावी तर अगदी ठीक लागते, तेव्हा मी तिच्याकडे अशीच बघते.

त्याला उतरवलं. स्टँडच्या बाहेर पडते न पडते तोच — खट्ट!

२४ नोव्हेंबर

ओटीवर आज दोनच बायका. दोघींनी आधी आत डोकावून पाहिलं. "मनुबाय कवा येनार?" येणार नाही म्हटलं. ती मुंबईला मुलाकडे राहायला गेली. मग त्यांनी आपापसांत बघितलं. एक तर "मंग नंतर येते" म्हणून उठूनच गेली. सात महिने झालेत तिला, पायांवर सूज आहे!

रागावू कुणावर? मी मुंबईहून डॉक्टर होऊन आले तेव्हा एकही बाई मला अंगाला हात लावू देत नव्हती. आबांकडे चालत होतं ते तापाखोकल्याचं. बाळंतपणाला डॉक्टर, तीही बिनलग्नाची पोर! तेव्हा मनुबाई आली. शहाबाजकडची आगरीण, मिठागरात राबलेली, नवरा लवकर गेलेला, अख्ख्या टापूची सुईण. सगळे म्हणत होते आता या दोघींचं भांडण जुंपणार. तिने माझे हात उलटेसुलटे करून पाहिले आणि बाहेरच्या बायकांना ओरडून सांगितलं, "हिला हात लावू द्या ग. मी हाय ना!"

त्या "मी हाय ना"वर माझी सगळी प्रॅक्टिस उभी आहे. होती.

२५ नोव्हेंबर

गाडीतल्या डाव्या सीटवर पाठ टेकायच्या जागी खोबरेल तेलाचा डाग आहे. आज फडकं आणि साबण घेऊन गेले पुसायला. नाही पुसला.

२८ नोव्हेंबर

ठरवलं, पेशंटसारखी तपासायची. कधी दुखतं, कशाने वाढतं, कशाने थांबतं.

उभ्या गाडीत स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. काही नाही. म्हणजे स्टिअरिंग नव्हे. हळू चालवत ब्रेक दाबून धरला आणि मोरीवरून नेली — तसाच आवाज. म्हणजे ब्रेकचा संबंध नाही. गुळगुळीत रस्त्यावर चकार शब्द नाही. उजवं चाक खड्ड्यात घातलं, काही नाही. डावं घातलं — जाताना नाही, बाहेर येताना! चाक खाली लोंबकळतं आणि परत वर येतं त्या क्षणी. खट्ट.

एवढं कळलं म्हणून इतका आनंद झाला की शेजारी बघून "बघितलंस?" म्हणाले.

शेजारी कुणी नव्हतं.

३ डिसेंबर

सुडकोलीला गेले होते, एका म्हाताऱ्याचं गळू फोडायला. निघताना घरच्यांनी नव्या भाताच्या तांदळाची गोणी आणून ठेवली. नको म्हटलं तरी ऐकेनात. मागच्या सीटवर औषधांच्या पेट्या, म्हणून दोघांनी उचलून पुढे डाव्या सीटवर टेकवली. सगळा रस्ता भयंकर — खडी उखडलेली, बैलगाड्यांच्या चाकोऱ्या. आणि आवाज नाही! घरापर्यंत नाही. फाटकातल्या खड्ड्यातसुद्धा नाही.

मला वाटलं, आपोआप बरं झालं. काही दुखणी होतात तशी.

४ डिसेंबर

गोणी काल संध्याकाळीच उतरवून घेतली. आज सकाळी फाटकातून बाहेर काढली — खट्ट!

तिथेच थांबवली. उतरले. गोणी ओढत ओढत आणली, कशीबशी आत लोटली, कंबर धरली. पुन्हा त्याच खड्ड्यातून नेली. गप्प. गोणी काढली. खट्ट. समोरच्या वाडीतला माळी नारळ सोलायचा थांबून बघत राहिला. डॉक्टरीणबाई सकाळच्या पारी तांदळाला फिरवून आणतेय!

वजन! डाव्या बाजूला वजन असलं की आवाज दबतो. म्हणून तुळशीराम शेजारी बसला तेव्हा ऐकू आला नाही. मी एकटी असते तेव्हाच येतो. मला भास होत नव्हते!

आणि मनुबाईचं वजन त्या गोणीहून काही कमी नव्हतं. म्हणजे ती शेजारी बसत होती तेव्हाही ते झिजत असणार. किती दिवस, कोण जाणे. आम्हाला पत्ताच नव्हता.

५ डिसेंबर

हे कुणालाच बोलले नाही म्हणून इथे लिहिते.

यंदा पावसाळ्याच्या आधी रामराजहून येत होतो. अवघड बाळंतपण होतं, सुखरूप झालं होतं. दोघी दमलेल्या. उन्हं उतरली होती, रस्त्याला कुणी नव्हतं. मला गाडी चालवताना बोलायला सुचतं — समोर बघायचं असतं, कुणाच्या डोळ्यात बघायला लागत नाही. मी म्हणाले, "मनुबाई, आता म्हातारपणी कुठे जाऊ नकोस. वरची खोली तुझी. नोकरी म्हणून नाही सांगत. तू नसलीस तर मला इथे राहवायचं नाही." एवढं आयुष्यात कुणाला म्हटलं नव्हतं. आबांनासुद्धा नाही.

ती काही बोलली नाही. बराच वेळ. मग कमरेची चंची काढून म्हणाली, "सुपारी सपली, बाय. चौलात थांब जरा."

मी थांबले. सुपारी घेतली. पुन्हा तो विषय काढला नाही. माणूस नाही म्हणतं ते असंही म्हणतं.

दसऱ्यानंतर सदा आला. गोदीत आहे तो, शिवडीला खोली मिळाली, दोन मुलं आहेत, सून एकटी पुरी पडत नाही. "आयेला न्यायला आलू." मनुबाईने एका शब्दाने विरोध केला नाही. उलट ट्रंक भरून तयारच! मी रेवसपर्यंत गाडीने सोडलं. धक्क्यावर म्हणाली, "येते बाय." मी म्हणाले, "ये." लाँच वळेपर्यंतसुद्धा थांबले नाही. पेशंट आहेत म्हणून निघाले. पेशंट कुणी नव्हते.

९ डिसेंबर

शेवटच्या एस.टी.ने आत्ताच घरी आले.

दुपारी बेलोशीहून माणूस आला. गोदू, पहिलटकरीण, सकाळपासून कळा. जाऊन बघते तर मूल आडवं. घरी काही होणार नव्हतं, अलिबागला सरकारी दवाखान्यात न्यायलाच हवी. मागच्या सीटवर तिला निजवली, नवऱ्याला — अंबाजीला — तिचं डोकं मांडीवर घेऊन बसवलं. पुढची सीट रिकामी.

गावाबाहेर आलो आणि सुरू झालं. खट्ट नव्हे आता, खाड! प्रत्येक खड्ड्याला. आणि प्रत्येक वेळी गोदू किंचाळायची. मध्येच म्हणायची, "मनुबाय कुठं हाय? मनुबायला बलवा!" अंबाजी रडत होता, त्याचा काही उपयोग नव्हता. मनुबाई असती तर मागे बसून तिने तिला असं धरलं असतं की पोरीला धक्काच लागला नसता. मी काय करू? स्टिअरिंग धरू की तिला?

एका खड्ड्यातून वर येताना गाडी एकदम डावीकडे ओढली गेली. बाजूला खोल शेत. कशी सावरली ठाऊक नाही. थांबवली. काही तरी सुटायला आलंय हे आता आंधळ्यालाही कळलं असतं.

रस्त्याच्या कडेला डागडुजीसाठी दगडांचा ढीग पडला होता. "अंबाजी, उतर! दगड भर पुढे!" तो बघतच राहिला. "बाई, दगड?" "भर म्हणते ना!" मोठे मोठे दगड त्याने सीटवर रचले, पायांपाशी रचले. मी सीट फाटते का बघितलंसुद्धा नाही. निघालो. गाडी गप्प झाली. हळूहळू, बैलगाडीच्या चालीने, पण अलिबाग आलं.

ऑपरेशन झालं. मुलगा. दोघं सुखरूप.

अंबाजी पाया पडायला लागला. मला दगड आठवत होते, आणि गोदू ज्या नावाने ओरडत होती ते नाव.

१० डिसेंबर

गाडी अलिबागलाच तुळशीरामच्या दारात ठेवली होती. सकाळी एस.टी.ने गेले. तो दारं उघडून आतल्या दगडांकडे बघत उभा.

"बाई, हे काय? घर बांधताय?"

सगळं सांगितलं. या वेळी त्याने मध्ये तोंड घातलं नाही. दगड उतरवले. मी म्हटलं, तू शेजारी बसू नकोस. स्टँडबाहेर गटारावरची फरशी खचलीय ना, तिथे उभा राहा, चाकाजवळ वाकून. मी एकटी नेते. नेली. डावं चाक आत गेलं, बाहेर आलं. खाड!

"थांबा! थांबा!" असा ओरडला की हॉटेलातली माणसं बाहेर आली. "ऐकला! ऐकला बाई!" त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. मलाही रडू आलं, उगाचच. ऐकलं कुणी तरी!

मग जॅक लावून डावी बाजू वर उचलली. चाकावरच्या स्प्रिंगच्या पाट्याच्या मागच्या टोकाला एक कडी असते, तिने पाटा गाडीला टांगलेला असतो. कडीत पिन, पिनेभोवती पितळेची बुश. त्याने पहार घालून कडी हलवली तर बोटभर हलली. पिन काढून माझ्या तळहातावर ठेवली. एका बाजूने झिजून सुईसारखी झालेली. बुश तर उरलीच नव्हती, पितळेचं टरफल नुसतं.

"वर वजन आसलं की पिन एका अंगाला चिकटून बसते," म्हणाला. "वजन न्हाय की मोकली. मंग आपटते." मग डोकं खाजवत, "मागच्या टायमाला मीच वर बसलू होतू. कसा ऐकू येनार?"

"तुटली असती तर?"

"तर पाटा सुटला असता, चाक मागं गेलं असतं, आनि तुम्ही शेतात." पिन परत घेत म्हणाला, "बाई मानूस हाय म्हनून घाबरवत न्हाय तुम्हाला. मलाच आता घाम फुटला."

या गाडीची पिन-बुश आता नवी मिळत नाही. मुंबईला जुन्या सामानाची दुकानं धुंडाळली तर मिळेल. "माझा मानूस जातो सोमवारी, आनतो."

"नको," मी म्हणाले. "मीच जाते."

त्याला वाटलं असेल, बाईचा आता माझ्यावर भरवसा राहिला नाही. वाटू दे.

११ डिसेंबर

एका पितळेच्या बुशसाठी डॉक्टर दवाखाना बंद ठेवून मुंबईला जाते! स्वतःशीच हसले. मग ट्रंक उघडून चांगलं लुगडं काढलं.

१६ डिसेंबर

काल मुंबईहून आले. लिहायला आज बसते आहे.

पिन-बुश तासाभरात मिळाली. दुकानदाराने पुढे केलेल्या पहिल्याच पेटीत होती. म्हणजे सबब संपली. आता जायचं की परतीची लाँच धरायची? टॅक्सीवाल्याला शिवडी म्हणून सांगताना माझा मलाच आवाज परका वाटला.

विचारत विचारत खोली सापडली. सदा कामावर होता. राही — सून — दारात तांदूळ निवडत होती, दोन मुलं भोवती. चटकन उठली, पदर घेतला. "आत्याबाई नळावर हायत." मी मागे गेले. मनुबाई पाठमोरी, हंडा भरत होती. वाळली होती. मी म्हणाले, "मनुबाई!"

वळली नाही.

मला वाटलं, रागावली. पुन्हा हाक मारली, मोठ्याने. बाजूच्या बायका वळल्या. ती नाही. एका बाईने तिच्या खांद्याला हात लावला आणि माझ्याकडे बोट केलं, तेव्हा वळली. हंडा तसाच वाहत राहिला.

मी डॉक्टर आहे. तेवढ्यात समजलं मला. तरी खात्री करायची म्हणून तोंडावर पदर धरला आणि म्हणाले, "कशी आहेस?" ती माझ्या पदराकडे बघत राहिली. मग म्हणाली, "व्हय."

मी पदर खाली केला. "कधीपासून, मनुबाई?"

आता तिने ओठांकडे बघितलं आणि मान खाली घातली. "दोन वर्सं झाली आसतील. आधी एक गेला. मंग दुसरा."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगून काय? भयरी सुईन कोनाच्या कामाची?" मग हळूच म्हणाली — आता हळू बोलतेय की मोठ्याने हे तिला कळत नाही, त्यामुळे सगळ्या नळाने ऐकलं — "पोटाला नली लावायची मी, आनि तुझ्या तोंडाकडं बघायची. तुझं तोंड नीट आसलं की म्हनायची, ठोका चांगला हाय. दर बारीला तू पुन्हा स्वतः ऐकायचीस, म्हनून बरं. पन येकांद्या दिशी तू नसतीस तर? मना माझीच भीती वाटाया लागली, बाय. सदा आला, म्हटलं देवानंच पाठवला."

अकरा वर्षांत तिच्या तोंडून इतकं कधी ऐकलं नव्हतं. दोन वर्षं ही बाई माझ्या शेजारी बसून होती, आणि मला कळलं नाही!

खोलीत येऊन बसलो. राहीने चहा केला. मला राहवेना. मी म्हणाले, "पण मी तुला विचारलं होतं ना? कायमची राहा म्हणून? वरची खोली तुझी म्हणून?"

"कवा?"

"पावसाळ्याआधी. रामराजच्या रस्त्याला."

"गाडीत?" ती माझ्याकडे बघतच राहिली. "बाय, गाडीत मना काय ऐकू येतंय! तू समोर बघून बोलायचीस. वठ दिसायचे न्हायत. मी आपली तुझा गाल हलताना बघत बसायची. वाटायचं, काय तरी चांगलं बोलतेय. मंग व्हय म्हनायची, न्हायतर सुपारीचं काडायची."

मी कप खाली ठेवला. हात धरले तिचे. तसेच होते, मोठे आणि गरम. तिच्यासमोर अगदी नीट बसले, उजेडाकडे तोंड करून, आणि ते सगळं पुन्हा सांगितलं. शब्द न शब्द. समोर रस्ता नव्हता या वेळी. तिच्या डोळ्यांत बघून सांगावं लागलं. शेवटचं वाक्यसुद्धा सांगितलं. राही तिथेच होती, मुलं होती, तरी सांगितलं. म्हणाले, ठोके मी ऐकेन. मला तुझे कान नकोत, हात हवेत. हातही नकोत. तू ये.

तिने सगळं ऐकलं — म्हणजे पाहिलं. डोळ्यांतून पाणी आलं, पुसलंसुद्धा नाही.

"आता कसं येऊ, बाय? कमावता मुलगा घरात आसताना आई परक्याकडं राह्यली तर लोकं त्याच्या तोंडावर थुकतील. तेवाच सांगायचं व्हतं."

"सांगितलं होतं!"

"मना न्हाय," ती म्हणाली. "गाडीला सांगितलंस तू."

टॅक्सीपर्यंत सोडायला आली. राहीने मुलाच्या हातून मला दोन केळी दिली. मनुबाई या वेळी "येते" म्हणाली नाही, मीही "ये" म्हणाले नाही. लाँचीत सगळा वेळ ती पितळेची बुश मुठीत धरून होते. उतरताना बघितलं तर हाताला हिरवट वास.

२० डिसेंबर

तुळशीरामने पिन-बुश बसवली. पैसे घेईना. "आधीच ऐकायला पायजे व्हतं" म्हणत होता. बळेच दिले.

परत येताना एकटीच. प्रत्येक खड्ड्यात घातली. काही नाही. उखडलेल्या खडीवर नुसता चाकांचा आवाज. गाडी अगदी बरी झाली.

२६ डिसेंबर

दत्ताची जत्रा. डोंगराच्या पायऱ्या माणसांनी भरल्यात. पाय मुरगळलेले, चक्कर आलेले, मिठाई खाऊन ओकणारी मुलं — ओटीवर जागा नाही. दुपारी एक आगरीण अंगापिंडाने अशी भरलेली, अशीच कासोटा घातलेली, पाठमोरी चालली होती की मी सुई हातात घेऊन फाटकापर्यंत गेले. दुसरीच निघाली. पेशंट ओरडत होता आत.

३० डिसेंबर

तेव्हा सात महिने झालेली ती बाई, पायांवर सूज असलेली, परत आली. बरोबर गोदू, तान्हं मूल कुशीत. गोदूनेच ओढून आणली म्हणे. आत येऊन तिला म्हणाली, "हिला हात लावू दे. दगड भरून गाडी नेनारी बाई हाय ही!"

हसले. तिचा रक्तदाब बघताना मागे वळून म्हणणार होते, "मनुबाई, पाणी आण."

४ जानेवारी १९५९

रामराजला जाऊन आले. येताना त्याच रस्त्यावर मी मोठ्याने बोलत होते. दिवसभराचं सगळं — कोण आलं, काय झालं, थंडी किती वाढलीय, सुपारीच्या वाडीत यंदा पीक बरं आहे. किती वेळ बोलत होते कळलं नाही. गाडी गप्प होती, म्हणून माझाच आवाज मला इतका स्वच्छ ऐकू आला.

दोन वर्षं अशीच बोलत होते म्हणजे. आणि ती गालाकडे बघत होती.

आज कुणी बघत नव्हतं. तेवढाच फरक! तेवढाच.

७ जानेवारी

काही नाही. पाच पेशंट. समुद्रावरून बोचरा वारा.

११ जानेवारी

ओटीवर नंबराला बसलेल्या बायकांत मनुबाई! ट्रंकेवर बसलेली, पदर डोक्यावर, रेवसहून एस.टी.ने एकटी आलेली. तिच्या आधी दोन बायका होत्या. त्यांना तपासून होईपर्यंत ती हलली नाही आणि मीही बोलावलं नाही. कशा तपासल्या, देव जाणे.

तिचा नंबर आला. मी समोर उभी राहिले, उजेडात, आणि तोंड नीट उघडून विचारलं, "सदाला सांगून आलीस?"

तिने माझ्या ओठांकडे बघितलं. सगळं समजलं तिला. समजलेलं मला स्पष्ट दिसलं.

"काय म्हनतेस बाय? मना ऐकू न्हाय येत," ती म्हणाली, आणि ट्रंक उचलून सरळ घरात गेली.